अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळंतिणी जास्त का दगावतात, आणि आपल्या घरच्या बाळंतपणाशी त्याचा काय संबंध?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अटलांटात राहता, बायकोला सातवा महिना लागलाय, दोघांनाही नोकरीचा चांगला विमा आहे. तिच्या ऑफिसातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण, पेशाने वकील, तीही गरोदर आहे. तिने पाचव्या महिन्यात हॉस्पिटल बदललं, पदरचे पैसे घालून डूला (बाळंतपणात सोबतीला राहणारी प्रशिक्षित मदतनीस) ठेवली आणि कारण विचारल्यावर "मला जिवंत घरी यायचंय" असं सरळ सांगितलं. तुम्हाला हे जरा अति वाटलं. तुमचं म्हणणं, त्यांच्यात बीपी आणि वजन जास्त असतं, गरिबीही आहे, मग आकडे वाईट येणारच. पण शिकलेल्या, विमा असलेल्या बाईने एवढं घाबरायचं काय कारण? आणि शेवटी, आपण भारतीय या हिशेबात कुठे बसतो?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. एमडी महाराष्ट्रात केलं, मग इथे येऊन पुन्हा रेसिडेन्सी, आणि तेव्हापासून पूर्व किनाऱ्यावरच्या लेबर रूममध्ये. तुमची बायकोच्या मैत्रिणीबद्दलची शंका मला नवी नाही. इथे आलेले आपले बरेच डॉक्टरही सुरुवातीला हेच बोलतात. माझं उत्तर असं की ती बाई अति करत नाहीये. तिने स्वतःच्या परीने धोक्याचा बरोबर हिशेब केलाय. तुमच्या बायकोचा धोका त्या मानाने बराच कमी आहे, पण तो कमी आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. का ते सांगते, जरा लांबेल.

आधी आकडे. अमेरिकेच्या सरकारी नोंदींप्रमाणे २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे १८.६ मातामृत्यू झाले. श्वेतवर्णीय बायकांमध्ये हा आकडा १४.५, कृष्णवर्णीय बायकांमध्ये ५०.३. कोविडच्या काळात, २०२१ साली, तो ६९.९ पर्यंत गेला होता. त्यानंतर सगळ्यांचेच आकडे उतरले. २०२२ ते २०२३ मध्ये श्वेतवर्णीयांचा १९ वरून १४.५ वर आला, कृष्णवर्णीयांचा मात्र ४९.५ वरून ५०.३ झाला, म्हणजे जिथल्या तिथेच. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर "गरोदर होती का" असा एक चौकोन आला आणि तो चुकून टिकमार्क होण्याचे प्रकार बरेच झाले, त्यामुळे अमेरिकेतले मातामृत्यू वर्षानुवर्षे वाढत गेले या बोंबेतला काही भाग मोजणीचा आहे. यावर इथल्या तज्ज्ञांमध्ये चांगलीच जुंपलेली आहे. पण मोजायची कुठलीही पद्धत घ्या, कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय यांच्यातलं अंतर पुसलं जात नाही.

तुलनेसाठी म्हणून आपल्याकडचा आकडा: २०१८-२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर ३३ होता, भारताचा ९७. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, वर्षं वेगळी, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून फार काही सिद्ध करू नये. शिवाय त्या ३३ च्या पोटात पुणे आहे तसं मेळघाट आणि नंदुरबारही आहे. तरीही जगातली सगळ्यात महागडी आरोग्यव्यवस्था बाळगणाऱ्या देशात एका अख्ख्या समाजाचा आकडा पन्नाशीवर असावा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो तक्ता पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला होता.

आता तुमच्या प्रश्नातला खरा पेच. आजार कोणाला जास्त होतो, एवढ्यापुरता हा मामला नाही. तोच आजार झाल्यावर कोण वाचतं, हे विचारायला हवं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाळंतपणातल्या पाच नेहमीच्या गुंतागुंती घेतल्या होत्या: गरोदरपणात बीपी वाढणं, त्यातून येणारे झटके, वार (प्लॅसेंटा) आधीच सुटणं, वार खाली असणं आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. या गुंतागुंती होण्याचं प्रमाण दोन्ही वंशांच्या बायकांमध्ये फारसं वेगळं नव्हतं. पण त्या झाल्यावर दगावण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय बायकांमध्ये दोन ते तीन पट होतं. म्हणजे "त्यांच्यात बीपी असतंच" हे अर्धंच उत्तर झालं. एरवीचं बीपी जास्त असतं हे खरं, पण वाढलेल्या बीपीवर कोणी कधी काय केलं, हा उरलेला अर्धा भाग.

गरिबीचं तसंच. गरिबी धोका वाढवते, यात वाद नाही. अमेरिकेतली सुमारे चाळीस टक्के बाळंतपणं मेडिकेड या सरकारी योजनेवर होतात आणि गरोदरपणामुळे मिळालेलं ते संरक्षण कित्येक वर्षं बाळंतपणानंतर साठ दिवसांनी तुटायचं. २०२१ च्या कायद्यानंतर जवळपास सगळ्या राज्यांनी ते वर्षभरावर नेलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा उलटल्यावर, वर्षभरात कधीतरी होतात. पण गरिबी हेच सगळं कारण असतं तर शिक्षण आणि पैसा आल्यावर अंतर मिटायला हवं होतं. २००७ ते २०१६ च्या मृत्यूंची सरकारी छाननी उलट सांगते: पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा मृत्यूचा धोका पदवीधर श्वेतवर्णीय बाईच्या पाचपटीहून जास्त, आणि शाळाही पूर्ण न केलेल्या श्वेतवर्णीय बाईपेक्षा दीडपटीहून जास्त.

तुमच्याच शहरातलं उदाहरण घ्या. शॅलन अर्विंग या अटलांटातल्या सीडीसीमध्ये, म्हणजे देशाच्या रोगनियंत्रण केंद्रातच, साथरोगतज्ज्ञ होत्या. आरोग्यातली विषमता हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये मुलगी झाल्यावर तीन आठवड्यांनी त्या गेल्या. बीपी चढलेलं, पायांना सूज, आणि मधल्या काळात त्या तक्रारी घेऊन पुन्हा पुन्हा दाखवायला गेल्या होत्या. किंवा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला अमेरिकेचा सुवर्णपदक मिळवणारा ४ x १०० मीटर रिले संघ आठवा. चार धावपटू, चौघीही कृष्णवर्णीय, तब्येतीने जगात पहिल्या. त्यांतल्या ॲलिसन फेलिक्सला गरोदरपणात गंभीर बीपी होऊन बत्तिसाव्या आठवड्यात सिझर करावं लागलं. टियाना बार्टोलेटाचं बाळ सव्विसाव्या आठवड्यात आलं. टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी मृतावस्थेत सापडली. झटक्यांची शक्यता शवविच्छेदनात नोंदवली गेली. वजन, आळस, अज्ञान यांतलं कुठलं लेबल यांना लावणार?

मग हे रक्तातच आहे का? हा तुमचा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचा बऱ्यापैकी निकाल लागलेला आहे. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासून १९९७ साली दोन डॉक्टरांनी तीन गट पाहिले: अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया, आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या कृष्णवर्णीय आया आणि अमेरिकेत जन्मलेल्या श्वेतवर्णीय आया. दोष जनुकांत असता तर आफ्रिकेतून आलेल्या बायकांची बाळं सगळ्यात कमी वजनाची निघायला हवी होती. निघालं भलतंच, त्यांच्या बाळांची वजनं श्वेतवर्णीयांच्या बाळांच्या जवळ होती. पुढे त्याच चमूने पुढची पिढी तपासली तेव्हा अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या मुलींना हा फायदा टिकवता आला नव्हता. या देशात मोठं होण्यातच काहीतरी झिजतं, असा आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेचा १९९२ पासूनचा मुद्दा आहे: सततच्या ताणाने शरीर वयाआधी म्हातारं होतं. आधी मला हा सिद्धांत जरा हवेतला वाटायचा. आता तिशीतल्या बायकांची हृदयं पाहून तसा वाटत नाही. कृष्णवर्णीय बाळंतिणींच्या मृत्यूंमध्ये हृदयविकार हे आघाडीचं कारण आहे, हेही त्याच्याशी जुळतं.

पण माझ्या रोजच्या कामात मला जे दिसतं ते याहून साधं आहे. बाईने तक्रार केली तेव्हापासून उपचार सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तिथे हा फरक लपलेला असतो.

एक केस सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. शाळेत शिकवणारी कृष्णवर्णीय बाई, दुसरं बाळंतपण, सगळं व्यवस्थित होऊन घरी गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं. घराजवळच्या दुसऱ्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेली. खिडकीवर "डोकेदुखी" एवढीच नोंद झाली. नुकतीच बाळंत झालीये हे तिने सांगितलं होतं, पण ते कागदावर आलं नाही. बीपी १५८/१०४. गंभीर बीपीची रेषा १६०/११० ला आहे, त्यामुळे यंत्राने घंटा वाजवली नाही, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बीपी घ्यायचं असतं ते कोणी घेतलं नाही. मायग्रेन म्हणून गोळी देऊन बसवून ठेवलं. तिने दोनदा जाऊन विचारलं तेव्हा नोंदीत भर पडली: "रुग्ण चिंताग्रस्त, वारंवार मागण्या करते." काही तासांनी तिला झटका आला. मग रुग्णवाहिकेतून आमच्याकडे. मॅग्नेशियम सल्फेट चालू केलं, बीपी उतरवलं, ती वाचली. मी तिचे आधीचे कागद वाचत होते तेव्हा मला राग आला तो त्या एका वाक्याचा. तिथल्या नर्सने ते द्वेषाने लिहिलं असेल असं मला वाटत नाही. गर्दीची पाळी, खुर्च्या भरलेल्या, आणि उठून उठून येणारी एक बाई. पण ते वाक्य पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याला सांगत गेलं की हिचं फार मनावर घेऊ नका.

आणि अशी वाक्यं कोणाच्या कागदांवर जास्त येतात, तेही मोजलं गेलंय. शिकागोतल्या एका वैद्यकीय केंद्राच्या नोंदी २०२२ साली तपासल्या, तर कृष्णवर्णीय रुग्णांबद्दल नकारात्मक विशेषणं येण्याची शक्यता श्वेतवर्णीयांच्या अडीचपट निघाली. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट डॉक्टरांना काही विधानं दिली होती, "काळ्या लोकांची कातडी जाड असते" अशा थाटाची. साधारण निम्म्यांनी त्यांतलं एकतरी खोटं विधान खरं मानलं होतं. सेरेना विल्यम्सचा किस्सा तुम्ही ऐकला असेलच: २०१७ मध्ये सिझरनंतर दुसऱ्या दिवशी दम लागला, तिला आधी फुप्फुसात गुठळी झालेली होती म्हणून तिने स्वतःहून सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं हेपारिन मागितलं. नर्सला वाटलं, औषधांनी बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही, मग सीटी केला तर फुप्फुसात गुठळ्या. जगभर ओळखली जाणारी बाई, स्वतःचा आजार नावानिशी सांगतेय, तरी एक पायरी वाया गेलीच.

बरं, हे फक्त माणसांच्या मनात असतं तर शिबिरं घेऊन, भाषणं देऊन भागलं असतं. ते आमच्या अवजारांतही होतं. आधी सिझर झालेल्या बाईला पुढच्या खेपेला नॉर्मल डिलिव्हरी जमेल का, याची टक्केवारी काढणारा एक कॅल्क्युलेटर आम्ही वर्षानुवर्षे वापरला. वय, उंची, वजन, आधीच्या सिझरचं कारण भरायचं, आणि एक प्रश्न वंशाचा. बाकी सगळं तेच ठेवून तिथे "आफ्रिकन अमेरिकन" निवडलं की टक्केवारी खाली यायची. मग डॉक्टर म्हणणार, शक्यता कमी दिसतेय, सिझरच करू. म्हणजे आधीची विषमता आकड्यात भरायची आणि तोच आकडा दाखवून पुढची विषमता करायची. २०२१ मध्ये तो प्रश्न काढला. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तेच. काळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, आणि २०२० च्या एका अभ्यासात अशी निसटलेली कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट आढळली. सावळ्या आपल्या लोकांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हॉस्पिटल बदलण्याचा तिचा निर्णय तुम्हाला खटकला, त्याबद्दल. देशातली सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय बाळंतपणं एक चतुर्थांश रुग्णालयांत होतात, आणि त्या रुग्णालयांत गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण जास्त असतं. तिथे जाणाऱ्या श्वेतवर्णीय बायकांनाही ते भोगावं लागतं. न्यूयॉर्क शहरातल्या अभ्यासाने दाखवलं की कोण कुठे बाळंत होतं एवढ्यानेच अंतराचा जवळपास अर्धा भाग समजतो. वॉशिंग्टनमध्ये तर २०१७ साली दोन रुग्णालयांतली बाळंतपणाची सोय बंद झाली आणि ॲनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला, जिथे मुख्यतः कृष्णवर्णीय वस्ती, बाळंत व्हायला एकही रुग्णालय उरलं नाही. नवं रुग्णालय उघडायला २०२५ उजाडलं. तेव्हा ज्या बाईला हॉस्पिटल निवडणं परवडतं तिने ते निवडलं, यात मला शहाणपणच दिसतं. उरलेल्या अर्ध्या फरकाचं उत्तर मात्र एकाच रुग्णालयाच्या छताखाली शोधावं लागतं.

इंग्लंडचा दाखलाही इथे देते, कारण विमा हेच सगळं दुखणं असं म्हणणाऱ्यांना तो आडवा येतो. तिथे एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, बाळंतपण फुकट. तरी तिथल्या अहवालांत गेली काही वर्षं कृष्णवर्णीय बायकांचा मातामृत्यू श्वेतवर्णीयांच्या दुपटीहून जास्त, काही वर्षी चौपटीच्या जवळ येतोय, आणि आशियाई बायकांचा, ज्यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी सगळ्या आल्या, तोही श्वेतवर्णीयांपेक्षा जास्त, काही वर्षी दुपटीच्या जवळ.

काय केल्याने फरक पडतो? माझा अनुभव आणि कॅलिफोर्नियाचा अनुभव एकाच दिशेला बोट दाखवतात: जिथे उपचार कोणाच्या "मला वाटतं" वर अवलंबून असतो तिथे अंतर वाढतं, आणि जिथे आकडा आला की कृती सुरू होते तिथे ते आखडतं. रक्तस्रावाचंच बघा. पूर्वी बाळंतपण झालं की आम्ही पॅड आणि चादरीकडे नजर टाकून सांगायचो, "तीनशे-चारशे मिली गेलं असेल." रक्त जितकं जास्त तितका हा अंदाज कमी पडतो, हे वारंवार सिद्ध झालंय. आता आमच्याकडे भिजलेला प्रत्येक पॅड, प्रत्येक स्पंज वजनकाट्यावर जातो. कोरडं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. खाटेखालच्या खुणांच्या पिशवीतलं वेगळं धरायचं, त्यात गर्भजल किती होतं ते आधीच वाचून ठेवायचं. बेरीज ठरावीक रेषेवर गेली की नर्स कोणाची परवानगी न मागता रक्तस्रावाची गाडी आत ओढते; औषधं, गर्भाशयात फुगवायचा फुगा, टाके घालायचं सामान सगळं तिच्यावर. एक लिटरच्या पुढे सरळ रक्तपेढीला फोन. बाई काळी आहे, गोरी आहे, शांत पडलीये की ओरडतेय, काट्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

कॅलिफोर्नियात २००६ साली स्टॅनफर्डला धरून एक गट उभा राहिला, त्याने अशी साधनं शेकडो रुग्णालयांत नेली. २०१३ पर्यंत राज्याचा मातामृत्यू निम्म्याहून खाली आला, तेही देशाचा चढत असताना. अंतर मात्र तेवढ्याने संपलं नाही. सगळ्यांचे आकडे उतरले तरी कृष्णवर्णीय बायकांचा आकडा वरच राहिला. पण रक्तस्रावापुरतं पाहिलं तर जिथे ही पद्धत नीट बसली तिथे कृष्णवर्णीय बायकांची सुधारणा जास्त झाली आणि फरक आक्रसला. बीपीचंही तसंच: १६०/११० टिकून राहिलं तर तीस ते साठ मिनिटांत औषध शिरेतून किंवा तोंडाने गेलंच पाहिजे, हा नियम. आणि त्या शिक्षिकेच्या केसनंतर मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: इमर्जन्सीच्या खिडकीवर प्रत्येक बाईला "गेल्या वर्षभरात गरोदर होता का?" हे विचारणं. काही ठिकाणी सुरू झालंय. जुने डॉक्टर कुरकुरतात, स्वयंपाकाच्या पुस्तकासारखी डॉक्टरकी नको म्हणतात. मी त्यांना विचारते, तुमच्या अंदाजावर सोडलं तेव्हा कोणाचं भलं झालं ते तक्त्यात बघा.

आता तुमची बायको. अमेरिकेच्या २०२३ च्या तक्त्यात "आशियाई" बायकांचा आकडा १०.७ आहे, म्हणजे सगळ्यांत कमी. पण त्या एका रकान्यात जपानी, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि आपण, सगळे कोंबलेत. गरोदरपणातला मधुमेह भारतीय वंशाच्या बायकांमध्ये इथे सर्वाधिक आहे, आणि वजन "नॉर्मल" दिसत असतानाही होतो. डिलिव्हरीच्या वेळी खोलवर फाटण्याचं प्रमाणही दक्षिण आशियाई बायकांमध्ये जास्त. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अंश तपासला नसेल तर लोहाच्या गोळ्या निष्कारण महिनोन्महिने चालू राहतात. इंग्लंडचा आकडा वर दिलाच.

शिवाय आपलं ऐकलं न जाण्याची तऱ्हा वेगळी. कृष्णवर्णीय बाई बोलली की ती भांडखोर ठरते. आपली बाई बहुतेकदा बोलतच नाही. कळा सोसत गप्प पडून राहते, डॉक्टरने विचारलं की "फाइन" म्हणते, आणि बाकीचं नवराच सांगतो. राउंडला आलेला रेसिडेंट "तक्रार नाही" असं लिहून पुढे जातो. म्हणून माझी विनंती: दुखतंय का, किती, कसं, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. इंग्रजी अडत असेल तर मराठी दुभाषा फोनवर मागण्याचा हक्क आहे. तुम्ही दुभाषा होऊ नका.

प्रत्यक्षात काय करावं ते तिच्या तब्येतीवर ठरेल, आणि मी तिला तपासलेलं नाही, तेव्हा तिच्या डॉक्टरशी बोलूनच. बीपीचा धोका असेल तर ८१ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी सुरू करतात. सातव्या महिन्यात ती वेळ बहुधा गेलेली असते, पण पुढच्या खेपेला लक्षात ठेवा. दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र आत्ताच घ्या, मनगटाचं नको. घरी आल्यावर पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. १४०/९० च्या वर सतत येत असेल तर त्याच दिवशी फोन. १६०/११० ला फोन नाही, सरळ हॉस्पिटल. गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, दम लागणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, तासाला एक पॅड भिजणं, ताप: यांतलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. तिथे गेल्यावर तिचं पहिलं वाक्य "माझं इतक्या दिवसांपूर्वी बाळंतपण झालंय" हे असावं, डोकं दुखतंय हे दुसरं. तपासणी नको म्हणाले तर शांतपणे सांगा, "आम्ही मागितली आणि तुम्ही का नाकारली ते नोंदीत लिहा." या वाक्याने बऱ्याचदा तपासणी होते.

भारतातून आई किंवा सासूबाई येणार असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. "बाळंतिणीचे पाय सुजणारच", "झोप नाही, डोकं दुखणारच" ही वाक्यं प्रेमाने बोलली जातात आणि तीही वेळच खातात. डिंकाचे लाडू, शेक, मालिश खुशाल चालू द्या, फक्त यंत्राचा आकडा फ्रिजवर लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. आज्या ते फार कडक करतात. आणि मन उदास राहणं, रडू येणं, बाळाची भीती वाटणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर तेही आजारपणच समजा. अमेरिकेतल्या गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंच्या छाननीत मानसिक आजार, आत्महत्या आणि नशा यांचा गट आघाडीच्या कारणांत येतो. १-८३३-८५२-६२६२ ही बाळंतिणींसाठीची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

राहिला डूलाचा प्रश्न, तुमच्यासाठी घ्यावी का. आई येऊ शकत असेल, तुम्ही रजा काढून पूर्ण वेळ थांबणार असाल आणि गरोदरपणात गुंतागुंत नसेल, तर मी आग्रह धरणार नाही. तुम्ही दोघेच असाल तर घ्या. काही विमा कंपन्या आता त्याचे पैसे देतात, विचारून पाहा. आणि हॉस्पिटल दाखवायला नेतात तेव्हा खोल्यांच्या रंगाऐवजी दोन गोष्टी विचारा: रक्त वजन करून मोजता का, आणि रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतो की घरून येतो. तिच्या मैत्रिणीने हॉस्पिटल बदलताना हेच विचारलं असणार. बायकोला सांगा, तिची यादी मागून घ्यायला.